नेपथ्य म्हणजे सेट की मेकअपची खोली?

राज्य नाट्य स्पर्धेच्या कोल्हापूर केंद्रावर नाटक करणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: ‘श्रेयनामावलीत “नेपथ्य” म्हणून आम्ही सेट करणाऱ्याचं नाव लिहितो. संस्कृतच्या पुस्तकात “नेपथ्ये” म्हणजे पडद्याआडचा आवाज. आमचे सर म्हणतात, नेपथ्य म्हणजे रंगायची खोली. यातलं खरं कुठलं? आणि त्या खोलीला मराठीत म्हणायचं काय?’

तिन्ही अर्थ खरे आहेत, फक्त ते सगळे एकाच काळातले नाहीत.

भरताच्या नाट्यशास्त्रात, दुसऱ्या अध्यायात, नाट्यगृहाची मापं दिली आहेत. मध्यम आकाराचं आयताकृती नाट्यगृह ६४ हात लांब आणि ३२ हात रुंद. त्यातला पुढचा अर्धा भाग प्रेक्षकांचा. मागच्या अर्ध्यात आधी रंगपीठ आणि रंगशीर्ष हे रंगमंचाचे दोन भाग, आणि सगळ्यात मागे १६ हात खोलीचं नेपथ्यगृह. तिथून रंगमंचावर यायला दोन दारं. म्हणजे नटांच्या तयारीला अख्ख्या इमारतीचा चौथा हिस्सा! आपल्याकडची कित्येक नाट्यगृहं बांधताना एवढा विचार झाला असता तर कलाकारांचे हाल वाचले असते.

पण ‘नेपथ्य’चा अर्थ नुसती जागा एवढाच नाही. पात्राचा वेश, साज म्हणजेही नेपथ्य. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार नेपथ्याकडे बघून नटीला म्हणतो, ‘आर्ये, यदि नेपथ्यविधानमवसितम्, इतस्तावदागम्यताम्.’ वेशभूषा आटोपली असेल तर इकडे ये. बघतो ते नेपथ्य ही जागा, आणि आटोपायचं ते नेपथ्य हा साज. दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी सापडतात, म्हणून मला हे वाक्य फार आवडतं. पुढे पहिल्याच अंकात, हा आश्रमातला हरिण आहे, मारू नका, असं दुष्यंताला बजावणारा आवाज येतो तोही ‘नेपथ्ये’, म्हणजे आतून. तुमच्या पुस्तकातला अर्थ तो हाच.

मराठीत हा शब्द आतून बाहेर आला. संगीत नाटकांच्या काळात देखावा म्हणजे मुख्यतः रंगवलेला पडदा: रस्त्याचा पडदा, जंगलाचा पडदा, महालाचा पडदा. ते रंगवणाऱ्यांत आपल्या कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे दोघे अग्रणी होते. १९१० नंतरच्या काही वर्षांत नाटक मंडळ्यांसाठी त्यांनी गाजलेले पडदे केले. पुढे पडद्यांच्या जागी उभे सेट आले आणि या सगळ्या कामाला ‘नेपथ्य’ हे नाव पक्कं झालं. माझ्या मते हा बदल मूळ अर्थाला सोडून नाही. आधी पात्राचा साज, आता रंगमंचाचा साज. त्यामुळे सेट करणाऱ्याला नेपथ्यकार म्हणणं चूक ठरवणाऱ्यांशी मी सहमत नाही. जुना अर्थही पुरता गेलेला नाही: राजकारणाच्या बातम्यांत कुणीतरी ‘नेपथ्यातून सूत्रं हलवत’ असतोच.

आता खोली. तिला रंगपट म्हणा, मराठी नाटकवाल्यांचा तो रुळलेला शब्द आहे. ग्रीनरूमही चालतं, पण ‘रंगपटात गर्दी करू नका’ यातला धाक ‘ग्रीनरूममध्ये’ म्हटल्यावर येत नाही. तुमच्या सरांचा अर्थ शास्त्राला धरून आहे. तरी आजच्या तालमीत ‘नेपथ्यात जा’ म्हटलंत तर पोरं सेटमागे जाऊन उभी राहतील.

विंगेला, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशाला, मात्र मराठी प्रतिशब्द शोधत बसू नये. विंग स्त्रीलिंगी झाली, तिच्या विंगा झाल्या, ‘विंगेत उभा राहा’ म्हणताना तिचं सामान्यरूपही झालं. जो शब्द आपल्या विभक्त्या इतक्या सहज घेतो तो आपलाच.

शेवटी इमारत. रंगभूमी ही कला आणि परंपरा, रंगमंच ही नट उभा राहतो ती जागा, नाट्यगृह ही सगळी वास्तू. शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग कुस्ती मैदानाशेजारी उभारलेलं पॅलेस थिएटर १९१५ मध्ये सुरू झालं आणि १९५७ पासून संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून ओळखलं जातं. जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘प्यालेस थेटर’ येतं, तेही जपावं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, गायक-नट केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच दिवशी, ते आगीत सापडलं. त्याबद्दल लिहिताना कुणी ‘रंगभूमी जळाली’ असं लिहिलं तर खोडा. जळालं ते नाट्यगृह, त्यातला रंगमंच.

तर श्रेयनामावलीत ‘नेपथ्य’ आहे तसंच ठेवा. रंगपट सांभाळणाऱ्यांची नावं वेगळी लिहायची असतील तर ‘रंगपट व्यवस्था’ असं लिहा, आणि ती जरूर लिहा.