संगणक-शंका: खोट मेमरीची की ड्रायव्हरची?

प्रश्न: मॅडम, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत गुहागरजवळ गावी आलो की घरच्या जुन्या डेस्कटॉपवर लिनक्सचा नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः कंपाइल करून चालवून बघतो. रॅम ८ जीबी, पीसीआय एक्सप्रेसचं जुनं रेडिऑन ग्राफिक्स कार्ड. या वेळी नवा कर्नल टाकल्यावर ग्रबचा (कुठला कर्नल चालवायचा ते विचारणारा) मेनू येतो, चार ओळी सरकतात आणि स्क्रीन काळी होते. कोपऱ्यात कर्सर लुकलुकत राहतो. जुना कर्नल निवडला की सगळं ठीक. ग्रबमध्ये कर्नलच्या ओळीत 'नोमोडसेट' दिलं तरी मशीन सुरू होतं. बिघाड कुठल्या बदलापासून सुरू झाला ते अर्धे-अर्धे करत शोधणारं गिट बायसेक्ट केलं, तर ते ज्या कमिटवर, म्हणजे नोंदवलेल्या बदलावर, थांबलं त्यात ग्राफिक्सचं नावसुद्धा नाही. बूटच्या सुरुवातीला मेमरी कुठल्या टोकाकडून वाटायची, एवढाच बदल आहे. तो कमिट उलटवला की चालतं. 'मेम=३जी' देऊन रॅम ३ जीबीवर रोखली तरी चालतं. माझा बायसेक्ट चुकला का? की ३ जीबीवरच भागवू?

उत्तर: बायसेक्ट अजिबात चुकलेला नाही. आणि ३ जीबीवर भागवू नकोस, कारण तुझ्या हाती चांगला पुरावा लागलाय आणि तो वाया गेला तर मला खरंच वाईट वाटेल.

बायसेक्ट तुला फक्त सांगतो की मशीन कुठल्या बदलापासून बिघडलं. चूक त्याच बदलात आहे, असं तो म्हणत नाही. आपल्याकडे एखाद्याच्या आगरातून वर्षानुवर्षं वाडीची पायवाट जात असते. एक दिवस मालक चिऱ्यांचा गडगा घालतो आणि सगळ्यांची वाट अडते. गडगा त्याच्या हद्दीतच असतो, वाट मात्र कुणाच्या कागदावर कधी नव्हतीच. ड्रायव्हरांच्या, म्हणजे कार्डासारखी उपकरणं चालवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या, अशा बऱ्याच पायवाटा असतात. 'मला मिळणारी मेमरी खालच्या पत्त्यांवरच असेल' हे कुठे लिहिलेलं नसतं, पण दहा वर्षं तसंच घडत आलं म्हणून ते चालून जातं.

हे नुसतं अंदाजाने म्हणत नाही. २०११ साली लिनक्स २.६.३९ ची तयारी चालू असताना मेमब्लॉकमध्ये, म्हणजे बूटच्या सुरुवातीला मेमरी वाटणाऱ्या भागात, जागा खालून वर शोधण्याऐवजी वरून खाली शोधायचा बदल झाला. रेडिऑन असलेलं एक मशीन त्यानंतर बूट होईना. बायसेक्ट थेट त्या मेमरीच्या कमिटवर पोचला. तू आज जिथे उभा आहेस तिथेच तेव्हा कर्नल लिहिणारी मंडळी उभी होती. पत्ता थोडा सरकवला की मशीन चालायचं, पण का चालतं हे कुणाला सांगता येत नव्हतं. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्स याचा आग्रह असा होता की एक तर बदल मागे घ्या, नाहीतर कारण शोधा; आकडे फिरवून चालतंय म्हणून ते कोडमध्ये ठेवू नका. हा आग्रह मला फार मोलाचा वाटतो, आणि तुझ्या 'मेम=३जी' बद्दल माझं म्हणणंही तेच आहे.

आता तुझ्या मशीनकडे येऊ. ३ जीबीची मर्यादा घातली की कर्नल ४ जीबीच्या वरच्या पत्त्यांना हातच लावत नाही. म्हणून संशय वरच्या रॅमवर जातो, पण त्यात दोन वेगळे आरोपी आहेत: एक तर रॅमची ती पट्टीच खराब, नाहीतर कार्ड किंवा ड्रायव्हर वरचे पत्ते नीट हाताळत नाही. आधी पहिला निकालात काढ. समुद्राजवळच्या घरात हे सोडून चालत नाही. खारी हवा आणि पावसाळ्यातली ओल यांनी रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट-हिरवट थर बसतो, आणि तो डोळ्याला दिसायच्या आधी चुका करायला लागतो. वायर काढून पट्ट्या बाहेर घे, दात पेन्सिलच्या खोडरबराने हलक्या हाताने पूस, चुरा ब्रशने झाडून टाक, स्लॉटही झाड. मग रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ रात्रभर चालू दे. एकही चूक दिसली तर बाकीचं सगळं थांबव. आधी चालणारी पट्टी नव्या कर्नलवर 'बिघडते' ती अशीच: खराब जागा पूर्वी बिनमहत्त्वाच्या कामाला जात होती, आता ड्रायव्हरच्या वाट्याला आली.

रॅम स्वच्छ निघाली, तर ड्रायव्हरचं म्हणणं ऐकायचं. 'नोमोडसेट' दिल्यावर मशीन सुरू होतं, कारण त्या वेळी रेडिऑनचा ड्रायव्हर कामच सुरू करत नाही. त्यावरून दुसरं काही सिद्ध होत नाही. त्यापेक्षा असं कर. कर्नलच्या ओळीत 'मोडप्रोब.ब्लॅकलिस्ट=रेडिऑन' दे, म्हणजे बूटच्या वेळी ड्रायव्हर आपोआप चढणार नाही. मशीन वर आलं की मोबाइलवरून टर्मक्स अ‍ॅपने एसएसएच करून, म्हणजे नेटवर्कवरून, आत जा. एका खिडकीत कर्नलचे संदेश दाखवणारं 'डीमेसेज -डब्ल्यू' चालू ठेव, दुसरीतून ड्रायव्हर हाताने चढव. स्क्रीन काळी झाली तरी ओळी तुझ्या मोबाइलवर येत राहतील. मशीन पूर्ण गोठलं तरी तोवर पोचलेली शेवटची ओळ तुझ्याकडे असेल.

त्या ओळींत दोन गोष्टी बघ. पहिली, 'व्हीरॅम' (कार्डाची स्वतःची मेमरी) आणि 'जीटीटी' (कार्डाला वापरायला दिलेली रॅम) यांच्या पत्त्यांच्या ओळी. चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या कर्नलच्या त्या शेजारी शेजारी ठेव. दुसरी, 'रिंग ० टेस्ट फेल्ड' अशी ओळ आणि तिच्या शेवटी 'कॅफेडेड' हा सोळा-पायाचा आकडा. तो तिथे कसा येतो ते सांगते, कारण पुढचा सगळा तर्क त्यावर उभा आहे. ड्रायव्हर कार्डातल्या एका रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या छोट्या खणात, स्वतः 'कॅफेडेड' लिहितो. मग रिंगमध्ये, म्हणजे तुझ्या रॅममधल्या आज्ञांच्या रांगेत, 'या रजिस्टरमध्ये डेडबीफ लिही' अशी आज्ञा ठेवतो आणि वाट बघतो. कार्डाने ती आज्ञा वाचली तर आकडा बदलतो. मुदत संपल्यावरही 'कॅफेडेड'च राहिला, तर प्रोसेसर कार्डाशी बोलू शकतोय, पण कार्डाला रॅममधली आज्ञा मिळत नाहीये किंवा पाळता येत नाहीये. मॉनिटर, केबल, डेस्कटॉपचं सॉफ्टवेअर यांच्यावरचा संशय तिथेच मिटतो.

कार्ड रॅमपर्यंत पोचतं ते गार्टच्या तक्त्यातून: कार्डाच्या बाजूचा पत्ता अमुक, तर रॅममधलं ४ केबीचं पान तमुक. पान किती उंचावरचं चालेल हे ड्रायव्हर डीएमए मास्कने कर्नलला सांगतो. रेडिऑनच्या ड्रायव्हरमध्ये पीसीआय एक्सप्रेस कार्डांसाठी ४० बिट धरलेत, म्हणजे १ टीबीपर्यंत. त्याआधीच्या एजीपी जोडणीच्या कार्डांसाठी ३२, म्हणजे ४ जीबीपर्यंत. तुझा मदरबोर्ड किंवा कार्ड ४० बिट खरोखर पेलत नसेल, तर जुन्या कर्नलमध्ये खालची पानं मिळत होती म्हणून ते झाकलेलं राहिलं. तपासायला सोपं आहे: तुझ्या कार्डासाठी मास्क ३२ बिटांवर आण, 'मेम=३जी' काढून टाक आणि पूर्ण ८ जीबीवर चालव. यासाठी अख्खा कर्नल नको, फक्त रेडिऑनचं मॉड्यूल परत कंपाइल कर. चाललं, तर खोट पत्त्यांच्या रुंदीत आहे.

नाही चाललं, तर ग्रबमध्ये 'इनिट_ऑन_अलॉक=१' देऊन बघ. ही सोय ५.३ पासून, म्हणजे २०१९ पासून कर्नलमध्ये आहे; दिलेली मेमरी आधी शून्याने पुसली जाते. त्याने मशीन सुरळीत झालं, तर कुणीतरी न पुसलेली पाटी कोरी समजून वापरतंय. त्यानेही फरक पडला नाही, तर बायोसने (मदरबोर्डवरच्या, मशीन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने) स्वतःसाठी वापरलेली पण कर्नलला न सांगितलेली जागा हा माझा पुढचा संशय. त्यासाठी 'मेममॅप'ने वरचा एकेक तुकडा बाजूला काढून बघावं लागेल. हे काम किचकट आहे, कळव, पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.

हे सगळं झालं की कर्नलच्या लोकांना लिही. कुणाला लिहायचं ते सोर्समधली 'मेंटेनर्स' फाइल सांगते. मेमरीवाले आणि ग्राफिक्सवाले दोघांनाही एकाच पत्रात घाल, नाहीतर ते एकमेकांकडे बोट दाखवतील. आधी चालणारं मशीन नव्या कर्नलने बंद पडता कामा नये, हा तिथला नियम आहे आणि तो मनापासून पाळला जातो. तू विद्यार्थी आहेस की मोठ्या कंपनीतला, हे तिथे कुणी विचारत नाही. बायसेक्टचा लॉग, दोन्ही डीमेसेज, मास्कच्या प्रयोगाचा निकाल, एवढं पुरे. आणि श्रावणात वीज केव्हाही जाते, तर प्रत्येक फेरीनंतर 'गिट बायसेक्ट लॉग' एका फाइलीत उतरवून पेनड्राइव्हवर ठेव. एका आवृत्तीत १३-१४ हजार कमिट असले तरी फेऱ्या साधारण १४ च लागतात, पण जुन्या मशीनवर त्यातली एकेक फेरी तास-तास खाते. ती परत करावी लागू नये.

प्रश्न: आमच्या मालवण तालुक्यातल्या शाळेत लिनक्सची मशीनं आहेत. अपडेटनंतर एक बंद पडलं होतं, ते दुरुस्त झालं. पण तेव्हापासून त्याची अक्षरं फुगलेली दिसतात, सेटिंगमध्ये १०२४ बाय ७६८ सोडून दुसरं काही येत नाही आणि व्हिडिओ अडखळतो. कार्ड बदलावं लागेल का?

उत्तर: सर, कार्डावर एक रुपयाही खर्च करू नका. दुरुस्ती करणाऱ्याने ग्रबमध्ये 'नोमोडसेट' तसंच ठेवलेलं दिसतंय, म्हणून कार्डाचा ड्रायव्हर सुरूच होत नाही. 'ईटीसी' फोल्डरमधल्या 'डीफॉल्ट'मध्ये 'ग्रब' नावाची फाइल आहे, तिच्यातून तो शब्द काढा, 'अपडेट-ग्रब' चालवा आणि मशीन परत सुरू करा. स्क्रीन पुन्हा काळी झालीच, तर ग्रबच्या मेनूतून मागचा कर्नल निवडून काम चालू ठेवा आणि वरचं उत्तर शाळेतल्या एखाद्या हौशी मुलाच्या हातात द्या.