मालकाचे पान, उमेदवाराचा हिशेब

वाचकांचे प्रश्न

वृत्तपत्राचे मालक असताना राज्याच्या राजकारणात उतरलेल्या मंडळींवर गेल्या अंकात टिपण आले होते. त्यावर बरीच पत्रे आली. निम्म्याहून अधिक पत्रे जिल्हा पातळीवर साप्ताहिक किंवा छोटे दैनिक चालवणाऱ्यांची आहेत. त्यांचा रोख इतिहासापेक्षा ‘उद्या मी उभा राहिलो तर’ याकडे जास्त दिसला, म्हणून उत्तरेही तशीच दिली आहेत.

प्रश्न : आचार्य अत्रे आणि जवाहरलाल दर्डा ही दोन नावे तुम्ही एकत्र घेतलीत. दोघांत साम्य ते काय?

उत्तर : दोघेही पत्राचे मालक आणि दोघेही विधिमंडळात गेले, साम्य तेवढेच. अत्र्यांचे ‘नवयुग’ साप्ताहिक १९४० चे. दैनिक ‘मराठा’ १५ नोव्हेंबर १९५६ ला निघाले, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली असताना आणि तिच्याचसाठी. पुढच्याच वर्षी, १९५७ मध्ये, अत्रे मुंबई राज्याच्या विधानसभेत निवडून आले. पत्र आणि आमदारकी ही दोन्ही एकाच चळवळीची अपत्ये होती. अशा पत्राचा वाचक मालकाच्या लेखणीसाठी अंक घेतो. १३ जून १९६९ ला अत्रे गेले आणि त्यांच्यामागे ‘मराठा’ फार वर्षे तगला नाही.

दर्डांचा रस्ता वेगळा. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगवास, मग यवतमाळचे साप्ताहिक ‘लोकमत’, आणि १५ डिसेंबर १९७१ पासून नागपुरातून दैनिक. राज्यात अनेक वर्षे मंत्रिपद सांभाळतानाच पत्राच्या आवृत्त्या वाढत गेल्या. वितरण, जाहिरात, छपाई ही खाती मालकाच्या सहीवाचून चालतील अशी घडी बसली, म्हणून १९९७ मध्ये त्यांचे निधन झाल्यावरही पत्र वाढतच राहिले. राजकारणात जाऊ पाहणाऱ्या मालकाने अत्र्यांची भाषा जरूर वाचावी, पण कचेरी कशी लावायची ते यवतमाळकडून शिकावे.

प्रश्न : माझ्या साप्ताहिकाचा मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक मी एकटाच आहे. विधानसभेला उभे राहायचे तर यातले काय सोडावे लागेल?

उत्तर : कायद्याने काहीच नाही. वय २५ पूर्ण हवे, राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव हवे आणि सरकारी लाभाचे पद नको. वृत्तपत्राची मालकी हे लाभाचे पद नव्हे. अनामत १० हजार रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५ हजार. मान्यताप्राप्त पक्षाची उमेदवारी असेल तर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि ते दहाही त्याच मतदारसंघातले मतदार असावे लागतात. अपक्षांचे अर्ज बाद होतात ते बहुधा इथेच.

तरीही एक गोष्ट सोडावी असा आमचा सल्ला आहे : संपादकपद. अंकाच्या तळाशी प्रिंटलाइनमध्ये ज्याचे नाव संपादक म्हणून छापले जाते, मजकुराची जबाबदारी पहिल्यांदा त्याच्यावर येते. फौजदारी बदनामीला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षांची आहे (पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ५००, आता भारतीय न्याय संहितेचे ३५६). लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ८(३) प्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली की अपात्रता येते; शिक्षेचा काळ आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षे. म्हणजे बदनामीची कमाल शिक्षा आणि अपात्रतेची किमान रेषा नेमकी एकाच ठिकाणी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर अपील दाखल केले म्हणून पद वाचत नाही. दोषसिद्धीलाच स्थगिती मिळवावी लागते. २०२३ मध्ये राहुल गांधींची खासदारकी अशीच गेली आणि सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिल्यावर परत मिळाली. तिथे विषय भाषणाचा होता. संपादकाच्या बाबतीत अंकातली प्रत्येक ओळ हा तसा विषय होऊ शकतो, बातमीदाराने घाईत लिहिलेलीसुद्धा.

बदल करायचा तर निवडणूक जाहीर होण्याच्या बऱ्याच आधी करा. १ मार्च २०२४ पासून वृत्तपत्र नोंदणीचा नवा कायदा लागू आहे आणि नोंदीतले बदल प्रेस सेवा पोर्टलवरून होतात. नुसते प्रिंटलाइनमधले नाव बदलले आणि नोंदीत जुनेच राहिले तर जबाबदारी नेमकी कोणाची हा वाद उभा राहतो. नवा संपादकही खरोखर अंक पाहणारा असावा. घरातल्या कोणाचे नाव नुसते लावून ठेवले तर पहिल्याच उलटतपासणीत ते उघडे पडते.

प्रश्न : माझ्याच पेपरात माझी बातमी छापली, पैसे दिले-घेतले नाहीत. ती निवडणूक खर्चात कशी धरणार?

उत्तर : धरतात. सर्वाधिक मालक-उमेदवार इथेच अडकतात, म्हणून जरा सविस्तर.

निवडणूक आयोगाची सूचना स्पष्ट आहे. उमेदवाराच्या किंवा त्याला उभे करणाऱ्या पक्षाच्या मालकीच्या वृत्तपत्रातून वा वाहिनीवरून त्याचा प्रचार झाला, तर त्या जागेची किंमत त्या पत्राच्या नेहमीच्या दरपत्रकाप्रमाणे खर्चात दाखवायची, प्रत्यक्षात एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नसला तरी. महाराष्ट्रात विधानसभेच्या उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. हिशेब अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा.

आता आकडे मांडून पाहा. मोठ्या आकाराच्या पानाचा छपाईचा भाग सुमारे ३३ बाय ५२ सेंटीमीटर असतो. अर्धे पान म्हणजे ३३ बाय २५, म्हणजे ८२५ चौरस सेंटीमीटर. दरपत्रकात चौरस सेंटीमीटरला १०० रुपये असतील असे उदाहरणापुरते धरू. एका दिवसाचे ८२,५०० झाले. अर्ज माघारीच्या मुदतीनंतर मतदानापर्यंत मिळणाऱ्या पंधरवड्यात बारा दिवस असे अर्धे पान गेले तर ९ लाख ९० हजार. मर्यादेचा जवळजवळ चौथा हिस्सा गेला आणि अजून एकही गाडी, मंडप किंवा ध्वनिक्षेपक हिशेबात धरलेला नाही. जाहिरातदाराला दाखवायला म्हणून दरपत्रकात फुगवलेला दर छापायची सवय अनेकांना असते. तोच फुगवटा इथे अंगावर येतो. आणि निवडणूक लागल्यावर घाईने स्वस्त दरपत्रक छापले, तर प्रतिस्पर्धी जुना अंक घेऊन हजर होतो.

मग बातमीच छापायची नाही का? छापा. सभा झाली, तिथे कोण बोलले, काय बोलले ही बातमीच आहे, आणि ती इतर उमेदवारांच्या सभांच्या बरोबरीने, तेवढ्याच जागेत गेली तर हरकत घेणे अवघड. निवडणुकीतल्या बातम्या-जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या जिल्ह्याच्या माध्यम समितीचे लक्ष जाते ते ‘विजय निश्चित’ छापाच्या मथळ्यांवर, बातमीदाराचे नाव नसलेल्या स्तुतिपर मजकुरावर, तोच मजकूर शब्दशः दुसऱ्या पत्रातही आला आहे का यावर, आणि एकाच उमेदवाराच्या छायाचित्रांवर. फुकट वाटलेली विशेष पुरवणी तर बातमी म्हणून सुटत नाही. तिचा कागद, छपाई, वाटप सगळे खर्चात दाखवायचे.

समितीला मजकूर पेरलेली बातमी (पेड न्यूज) वाटला तर प्रकाशनापासून किंवा तक्रारीपासून ९६ तासांच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याची नोटीस येते. उत्तराला ४८ तास. हे तास सुटीच्या दिवशीही धावतात. उत्तर दिले नाही तर समितीचा निर्णय अंतिम. निर्णय विरोधात गेला तर ४८ तासांत राज्य समितीकडे अपील, तिथेही हरला तर पुन्हा ४८ तासांत आयोगाकडे. प्रचाराच्या धामधुमीत नोटीस टेबलावर पडून राहते, म्हणून कचेरीतला एक माणूस फक्त या कामाला ठेवावा आणि रोजच्या अंकातली आपल्या नावाची जागा मोजून वहीत लिहायला सांगावी.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यायचा असतो. तो चुकला किंवा नियमाप्रमाणे दिला नाही आणि कारणही पटले नाही, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १०अ खाली तीन वर्षांची अपात्रता. उत्तर प्रदेशातील बिसौलीच्या आमदार उमलेश यादव यांच्यावर २०११ मध्ये हीच कारवाई झाली. वृत्तपत्रात बातमीसारख्या छापलेल्या प्रचाराचा खर्च हिशेबात नव्हता.

प्रश्न : छापखाना माझाच आहे. माझी पत्रके तिथेच छापली तर?

उत्तर : छापा, पण बाहेरच्या गिऱ्हाइकाला जसे बिल दिले असते तसे स्वतःच्या निवडणूक खात्याला द्या आणि त्याच खात्यातून रक्कम चुकती करा. हे खाते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडायचे असते. त्याच कायद्याच्या कलम १२७अ प्रमाणे प्रत्येक पत्रकावर मुद्रक व प्रकाशकाचे नाव-पत्ता हवा, आणि छपाईआधी प्रकाशकाचे दोन साक्षीदारांनी साक्षांकित केलेले निवेदन दोन प्रतींत घ्यावे लागते. ‘मीच मुद्रक, मीच प्रकाशक, निवेदन कोणाकडून घेऊ?’ असे एकाने विचारले आहे. स्वतःकडूनच. कागद मात्र पुरा हवा. चूक झाली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

छापखान्याबाबत दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. राज्य सरकारला रजिस्टरे, अर्ज, फलक छापून पुरवण्याचा ठेका तुमच्या स्वतःच्या नावावर चालू असेल, तर त्याच कायद्याच्या कलम ९अ ची अपात्रता लागू शकते. सरकारला माल पुरवण्याचे चालू कंत्राट हेच त्या कलमाचे लक्ष्य आहे. तुमच्या बाजूचा माल पूर्ण पोहोचवला असेल आणि फक्त बिल थकलेले असेल, तर कंत्राट चालू मानत नाहीत. पोहोचपावती जपून ठेवा. अर्ज छाननीच्या वेळी तोंडी खुलाशाला किंमत नसते.

प्रश्न : शपथपत्रात वृत्तपत्राची किंमत काय लिहायची?

उत्तर : वाचकांच्या मनातली किंमत नको, ताळेबंदातली लिहा. शपथपत्राच्या ठरलेल्या नमुन्यात, म्हणजे नमुना २६ मध्ये, जंगम-स्थावर मालमत्ता, देणी, पाच वर्षांच्या विवरणपत्रांतले उत्पन्न, प्रलंबित फौजदारी खटले, आणि सरकारशी असलेली कंत्राटे येतात; कंत्राटे स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची आणि ज्यात भाग आहे त्या भागीदारी संस्थेची वा खासगी कंपनीचीसुद्धा. एकही रकाना कोरा ठेवू नका. नसेल तिथे ‘निरंक’ लिहा.

प्रश्न : मालक मंत्री झाला तर त्याच्या पत्राला सरकारी जाहिराती बंद होतात का?

उत्तर : आपोआप होत नाहीत. मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेत धंद्याची मालकी ठेवता येते, पण व्यवस्थापनाशी संबंध तोडावा लागतो. सरकारला माल किंवा सेवा देणारा धंदा असेल तर मालकीही सोडावी असे ती म्हणते, मात्र नेहमीच्या व्यवहारात, प्रचलित दराने चालणाऱ्या पुरवठ्याला सूट देते. ठरलेल्या दराची जाहिरात या सुटीत बसवली जाते. कारभार कुटुंबातील सज्ञान व्यक्तीकडे देता येतो, पती किंवा पत्नी सोडून. ही संहिता कायदा नव्हे. मोडली तर निर्णय मुख्यमंत्र्यांचा. त्यामुळे प्रत्यक्षात पहारा विरोधी बाकांचा असतो आणि शेजारच्या पत्राचा.

प्रश्न : आमदार म्हणून सभागृहात केलेले भाषण मी माझ्या पत्रात जसेच्या तसे छापू शकतो ना?

उत्तर : सभागृहात बोललेल्या शब्दांना अनुच्छेद १९४ चे संरक्षण आहे, पण ते बोलण्याला. छापण्याला संरक्षण देतो तो १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३६१अ. वृत्तांत मुख्यत्वे खरा हवा, त्यात द्वेषबुद्धी नको, बैठक गुप्त नको. त्याच भाषणावर मालकाने लिहिलेला तिखट अग्रलेख या छत्राखाली येत नाही.

आणि कामकाजातून काढून टाकलेले शब्द छापू नका. पाटण्याच्या ‘सर्चलाइट’ या वृत्तपत्राने बिहार विधानसभेतल्या भाषणाचा वगळलेला भाग छापला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९५८ मध्ये निकाल सभागृहाच्या हक्काच्या बाजूने लागला. मालक-आमदाराला हे जड जाते, कारण वगळलेले वाक्य बहुतेक वेळा त्याचे सर्वांत आवडते वाक्य असते. पान सोडण्याआधी अध्यक्षांनी काय वगळले याची विधिमंडळ सचिवालयाकडून खात्री करून घ्यावी, आणि ती मालकाने नव्हे, संपादकाने करावी.