हिमोग्लोबिनचा आकडा आणि स्त्री-पुरुष फरक

तुम्ही विचारलंय, स्त्री-पुरुषांमधले फरक किती टक्के निसर्गाचे आणि किती टक्के समाजाने घडवलेले? मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अठरा वर्षं रक्त-लघवी तपासणीचं काम करते. अशी टक्केवारी काढता येईल असं मला वाटत नाही. का, ते मला रोज दिसणाऱ्या एकाच आकड्यावरून सांगते.

मध्यंतरी एक गृहस्थ मुलाला आणि मुलीला घेऊन आले. मुलगा सतरा वर्षांचा, मुलगी सोळाची, दोघांना ताप येऊन गेलेला. मुलाचं हिमोग्लोबिन १३.९, मुलीचं ८.७ (शंभर मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम). रिपोर्ट बघून ते म्हणाले, "ताई, पोरींचं कमीच असतंय ना?"

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे चौदा वर्षांपर्यंत मुलामुलींची मर्यादा एकच असते. पंधराव्या वर्षापासून मात्र मुलाला किमान १३ ग्रॅम लागतं, मुलीला १२. वयात येताना मुलांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन वाढतं आणि त्यामुळे तांबड्या पेशी जास्त तयार होतात. हा फरक शरीराचाच, त्यात घराचा, संस्कारांचा काही हात नाही.

पण तो ग्रॅम-दीड ग्रॅमचा फरक. या बहीणभावांत पाच ग्रॅमहून जास्त होता.

मग उरलेला सगळा समाजाचा म्हणायचा का? तेही जमत नाही. पाळीत दर महिन्याला साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे पंधरा-वीस मिलिग्रॅम लोह. हे जाणं निसर्गाचं. ते भरून न येणं मात्र ताटातलं. घरातली बाई शेवटी जेवते, तोवर कालवण तळाला गेलेलं असतं, मग चटणी-भाकरी आणि वर चहा. चहाने जेवणातलं लोह नीट शोषलं जात नाही. आता सांगा, त्या ८.७ मध्ये पाळीचा वाटा किती आणि पातेल्याचा किती? पोट भरून सकस जेवणाऱ्या मुलीला तीच पाळी सहसा एवढी खाली आणत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय, म्हणजे मर्यादेपेक्षा कमी हिमोग्लोबिन, आढळला, त्याच वयाच्या पुरुषांमध्ये २५ टक्के. लक्षात घ्या, इथे बायकांना आधीच खालची पट्टी लावलेली आहे. निसर्गाची सूट देऊन झाल्यावरचे हे आकडे आहेत. युरोपातल्या बायकांनाही पाळी येतेच, पण तिथे हे प्रमाण आपल्या निम्म्याहूनही कमी आहे.

मुलींना आकृत्या, नकाशे जमत नाहीत, असंही तुम्ही लिहिलंय. हा माझा विषय नाही, पण मेघालयातला एक अभ्यास वाचला होता, २०११ साली प्रसिद्ध झालेला. खासी समाजात वारसा धाकट्या मुलीकडे जातो, जवळच्याच कार्बी समाजात मुलाकडे. दोन्हीकडच्या लोकांना चार तुकडे जुळवायचं कोडं दिलं. कार्बींमध्ये पुरुषांनी ते बायकांपेक्षा बरंच लवकर सोडवलं, खासींमध्ये फरक दिसला नाही. एका अभ्यासावर सगळं ठरवू नये, पण "बायकांचा मेंदूच तसा" म्हणण्याआधी हे जरूर आठवावं.

तुमच्या प्रश्नात एक बाजू मात्र सुटलीये. समाज नुसता वागणं घडवत नाही, तो शरीरही बदलतो. आमच्या भागात ऊसतोडीला नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता', म्हणजे मजुरीचं एक एकक, धरतात. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते; खाडा झाला की मजूर आणणारा मुकादम पैसे कापतो. फडावर ना संडास, ना पुरेसं पाणी. अशात पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं की बाई डॉक्टर गाठते आणि "पिशवी (गर्भाशय) काढून टाक, कटकट मिटेल" हे ऐकून तयार होते. २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या. पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर स्त्रीची संप्रेरकं एकदम कमी होतात आणि हाडं वेळेआधी ठिसूळ व्हायला लागतात. अशा बायका माझ्याकडे कॅल्शियम तपासायला येतात. पस्तिशीच्या बाईची कंबर गेली, की शेजारीपाजारी "बाईची जातच नाजूक" म्हणतात, तेव्हा मला फार राग येतो. ती काल-परवापर्यंत डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीत चढत होती.

त्या वडिलांना मी एवढंच सांगितलं, की पोरीचं १२ च्या वर असायलाच हवं आणि हे ८.७ लगेच डॉक्टरांना दाखवा. गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी ती परत आली तेव्हा ११.४ होतं. आता भावाबरोबरच जेवायला बसते म्हणाली. आईचं तपासलंय का विचारलं, तर नाही म्हणाली. पुढच्या वेळी तिलाही घेऊन ये, असं सांगून ठेवलंय.