पहिल्याच उन्हाळ्यात रस्टी पॅच्ड बंबलबी शोधताय? मग एवढंच करा

मिनेसोटात राहताय म्हणजे नशीबवान आहात. एकेकाळी मधमाशीच्या कुळातली ही केसाळ माशी अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य-पश्चिम भागात सर्रास दिसायची. 2017 मध्ये तिला संकटग्रस्त जाहीर करावं लागलं. आता ती मुख्यतः मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इलिनॉय याच भागांत सापडते.

सुरुवातीला जाळी, बरणी काही घेऊ नका. संकटग्रस्त प्रजात परवान्याशिवाय पकडता येत नाही. मोबाइलचा कॅमेरा पुरे. जुलै-ऑगस्टमध्ये फुललेल्या बर्गमॉट या रानफुलाच्या ताटव्यापाशी अर्धा तास नुसते उभे राहा. मागे मागे पळालात की हाती फक्त धूसर फोटो लागतात (माझे पहिले कितीतरी तसेच!).

नवख्यांच्या नेहमीच्या चुका:

- एकच फोटो काढणं. पाठ, बाजू आणि चेहरा, तिन्ही हवेत. पोटाच्या दुसऱ्या पट्ट्यावर, पिवळ्या केसांच्या मधोमध गंजासारखा ठिपका दिसला पाहिजे.
- तपकिरी दिसलं की नाचायला लागणं. ब्राउन-बेल्टेड बंबलबीही तिथेच तपकिरी असते, भले भले फसतात.
- राणीवर ठिपका शोधणं. तिला तो नसतोच, फक्त कामकरी आणि नरांना असतो.

फोटो बंबलबी वॉच या वेबसाइटवर टाका, तिथले जाणकार ओळख तपासून देतात.

आणि अंगणातला पालापाचोळा वसंताच्या सुरुवातीलाच झाडून काढू नका. हिवाळ्यात सगळी वसाहत मरते, उरतात फक्त नव्या राण्या, आणि त्या अशाच पाचोळ्याखाली, भुसभुशीत मातीत झोपलेल्या असतात. बाकीचे बारकावे पुढच्या वर्षी.