‘सांगण्यासारखं काहीच नाही’ म्हणणाऱ्या मुलीची प्रवेश-मुलाखत

बारावीचा अभ्यास अंगावर असताना जळगाव, धुळे, नंदुरबारकडची मुलं आणि त्यांचे आईवडील एक प्रश्न हमखास विचारतात. ‘मार्कांची काळजी नाही, पण मुलाखतीत बोलायचं काय? इंग्रजी जमत नाही, बक्षिसं नाहीत, पुण्या-मुंबईच्या पोरांसारखं काही केलेलं नाही.’ चोपडा तालुक्यातल्या एका मुलीने केलेल्या तयारीतून या प्रश्नाचं उत्तर देत आहोत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि तिच्यासारख्याच इतर मुलांचे अनुभवही त्यात मिसळले आहेत.

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण निम्मी भीती तिथेच संपते. इंजिनीअरिंग आणि फार्मसीचे प्रवेश सीईटी-जेईईच्या गुणांवर होतात, वैद्यकीयचे नीटवर. तिथे पर्याय नीट भरायचे असतात, मुलाखत नसते. गावाजवळच्या कॉलेजात बी.ए., बी.एस्सी.ला बहुधा मेरिट लिस्टच लागते. मुलाखत असते ती मोजक्या ठिकाणी. आयआयएम इंदूरचा बारावीनंतरचा पाच वर्षांचा व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम (आयपीएम), अझीम प्रेमजी किंवा अशोका यांसारखी निवासी विद्यापीठं, काही खासगी विद्यापीठं, आणि एनडीए (सैन्यदलांच्या अधिकाऱ्यांची प्रबोधिनी). एनडीएच्या लेखी परीक्षेनंतर एसएसबी ही सैन्यदलांची निवड-फेरी असते. ती पाच दिवस चालते आणि तिची तयारी निराळी, म्हणून ती इथे बाजूला ठेवतो. आपण ज्या कोर्सचा फॉर्म भरलाय तिथे मुलाखत आहे का, असेल तर किती मिनिटांची आणि कोणत्या भाषेत, हे माहितीपत्रकात आधी पाहा.

ही मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली, पुढे सायन्सला गेली. घरी अहिराणी. वडिलांची चार एकर केळी आणि थोडी कपाशी. बंगळूरच्या एका निवासी विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदवीसाठी तिने अर्ज केला होता. लेखी परीक्षा पार पडली होती आणि ऑनलाइन मुलाखतीला तीन आठवडे होते. तिचं पहिलंच वाक्य होतं, “मनाजोडे सांगासारखं काहीच नही.”

सोबत तिने एक वही आणली होती. यूट्यूबवर ऐकून त्यात इंग्रजी उत्तरं उतरवून घेतली होती. स्वतःविषयी सांगा, तुमचं बलस्थान काय, उणीव काय, आमचंच विद्यापीठ का. ‘मी फार मेहनती आहे’, ‘प्रत्येक काम अगदी परिपूर्ण करायचा मला हट्ट असतो, हीच माझी उणीव’ अशी वाक्यं. ही उत्तरं शेकडो मुलं देतात आणि ऐकणाऱ्यांना पहिल्या चार शब्दांतच ती ओळखू येतात. पण खरा धोका पुढे आहे. पाठ केलेलं उत्तर एक शब्द निसटला की पूर्ण अडतं आणि मूल गप्प होतं. शिवाय मुलाखत घेणारं पॅनेल दुसरा प्रश्न पहिल्या उत्तरातूनच काढतं. ‘मेहनती म्हणजे? एखादा प्रसंग सांग,’ असं विचारलं की वहीत त्याचं उत्तर नसतं. आणि समोरच्यांच्या हातात मुलाचा फॉर्म असतो. फॉर्ममधला निबंध ताईने किंवा क्लासच्या सरांनी लिहिलेला असेल, तर त्यातला एखादा भारी शब्द उचलून त्यावरच विचारतात. म्हणून मुलाखतीआधी पाठवलेल्या फॉर्मची प्रत तीनदा वाचायची आणि त्यातल्या प्रत्येक वाक्यावर ‘हे मी का लिहिलं?’ हे सांगता आलं पाहिजे.

ती वही आम्ही बाजूला ठेवायला सांगितली आणि नवी वही घेतली. पहिलं काम असं: गेल्या दोन वर्षांत स्वतःच्या हाताने काय काय केलं त्याची यादी करायची. बक्षीस मिळालं की नाही, हा विचार करायचा नाही. पहिल्या दिवशी तिने तीन ओळी लिहिल्या: कॉलेज, क्लास, घरकाम. मग सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंतचा दिवस आणि जून ते मे असं वर्ष डोळ्यासमोर आणायला सांगितलं. तेव्हा बाकीचं बाहेर आलं. मजुरांची हजेरी तीच लिहायची. केळी कापली की किती क्विंटल गेली, कोणत्या भावाने गेली आणि व्यापाऱ्याकडे किती बाकी, हा हिशेब तिच्याकडे. धाकट्या भावाचं गणित तीच घ्यायची. आणि केळीवर हरण्या रोग आला तेव्हा दोन दिवस ओळीओळीने फिरून रोगट झाडांना खुणा तिनेच केल्या होत्या.

यादी झाली की त्यातल्या तीनच गोष्टी निवडायच्या. दहा गोष्टी वरवर माहीत असणाऱ्या मुलापेक्षा तीन गोष्टी खोलवर माहीत असणारं मूल मुलाखतीत टिकतं. प्रत्येक गोष्टीवर पाच प्रश्न लिहायचे. नेमकं काय केलं? किती? असंच का केलं? काय बिघडलं? पुढच्या वेळी काय बदललं किंवा बदलाल?

हरण्याची गोष्ट ती आधी अशी सांगायची: ‘आमच्या केळीवर रोग आला, आम्ही बरीच झाडं उपटली, खूप नुकसान झालं.’ यावर पुढे बोलायला काही उरत नाही. मग ‘बरीच’ म्हणजे किती ते काढलं. पाच बाय पाच फुटांवर लागवड, म्हणजे एकरी साधारण 1740 झाडं. एका एकरातली 60 उपटली, म्हणजे साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आकडा आला तशी वाक्याला धार आली. पुढचा प्रश्न, फवारणी करायची सोडून झाडं का उपटली? ती म्हणाली, “कृषी सहायकांनी सांगितलं म्हणून.” मुलाखतीत नेमकी इथेच बहुतेक मुलं थांबतात. ‘सरांनी सांगितलं’, ‘पुस्तकात आहे’ हे खरंच असतं, पण कारण नसतं.

कारण तिने बारावीच्या जीवशास्त्रातून आणि वडिलांशी बोलून स्वतः शोधलं. हरण्या हा काकडी मोझॅक विषाणूचा रोग. विषाणू मारणारं औषध झाडावर फवारता येत नाही, फवारणी होते ती तो पसरवणाऱ्या मावा किडीवर. रोगट झाड बरं होत नाही, बागेत राहिलं तर मावा त्याच्यावरून निरोगी झाडांवर विषाणू नेत राहतो. म्हणून उपटून नष्ट करायचं. मग तण का काढायचं? कारण तोच विषाणू तणांवरही राहतो. बागेत काकडी, भोपळा, मिरची, टोमॅटो का घ्यायचे नाहीत? कारण तेच. लागोपाठ चार ‘का’ची उत्तरं तिला घरच्याच बागेत सापडली. पाठ्यपुस्तकातला विषाणूचा धडा आणि बापाची बाग ही एकच गोष्ट आहे हे तिला त्या दिवशी दिसलं, आणि तिचा आवाजच बदलला.

यानंतर भाषा. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि मुलाखत इंग्रजीत, हे खानदेशातल्या पुष्कळ मुलांचं दुखणं आहे आणि ते खरं आहे, ‘आत्मविश्वास ठेव’ म्हणून ते जात नाही. त्यावर काम करावं लागतं. क्रम असा ठेवला: गोष्ट आधी घरच्या बोलीत आजीला सांगायची. तिला कळली म्हणजे क्रम बरोबर आहे. मग मराठीत. मग इंग्रजीत, पण लिहून काढायची नाही. कागदावर फक्त सहा-सात शब्द, आणि बोलायचं. वाक्य आठ-दहा शब्दांचं. प्रत्येक गोष्टीसाठी लागणारे नेमके इंग्रजी शब्द, म्हणजे मावा, विषाणू, लागवड, तण यांचे, आधीच शोधून पाठ करायचे. पाठांतर करायचं ते एवढंच. व्याकरण चुकलं तर थांबून दुरुस्त करत बसायचं नाही. वाक्य सापडेनाच तर ‘हे मराठीत किंवा हिंदीत सांगू का?’ असं शांतपणे विचारायचं. काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही. पण विचारल्याने नुकसान होत नाही, गप्प बसल्याने होतं.

उत्तर एक ते दीड मिनिटाचं असावं. मोबाइलवर रेकॉर्ड करून वेळ मोजायची. तिची पहिली उत्तरं पंचवीस सेकंदांत संपत होती, दुसऱ्या आठवड्यात चार मिनिटं चालायला लागली. दोन्ही चुकीचं. दीड मिनिटात मुद्दा, आकडा, कारण, आणि थांबायचं. पुढचं त्यांना विचारू द्यायचं. प्रश्न ऐकल्यावर चार-पाच सेकंद विचार करायला हरकत नाही, ते बोलणाऱ्याला फार लांब वाटतात, ऐकणाऱ्याला मुळीच नाही.

सराव-मुलाखती तीन घेतल्या. पहिली तिच्या ओळखीच्या शिक्षिकेने, दुसरी तिला कधी न भेटलेल्या माणसाने, तिसरी ऑनलाइन, खऱ्या वेळेला आणि खऱ्या जागी. दुसरी सगळ्यात जड गेली आणि तीच सर्वांत उपयोगी पडली, कारण अनोळखी माणूस मान डोलावत नाही. माहीत नसलेल्या प्रश्नाचाही सराव केला. ‘माहीत नाही’ एवढंच म्हणायचं नाही आणि ठोकूनही द्यायचं नाही. ‘हे मला माहीत नाही, पण अमुक माहीत आहे, त्यावरून असं वाटतं,’ हे बोलायला शिकावं लागतं.

ऑनलाइन मुलाखतीत गावाकडच्या मुलांचं बिघडतं ते बहुधा लाइट आणि नेटवर्कमुळे. तिच्या घराला पत्र्याचं छत, आत रेंज कमी. म्हणून ती आदल्या दिवशी चोपड्यात मावशीकडे गेली. फोन हातात धरायचा नाही, पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवायचा. खिडकी समोर हवी, पाठीमागे असेल तर चेहरा काळा दिसतो. वायरचा इअरफोन, पूर्ण चार्ज फोन, दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला दुसरा फोन हाताशी. स्क्रीनवर आपलं पूर्ण नाव दिसतंय का पाहायचं, नाहीतर वडिलांचं किंवा मोबाइलच्या दुकानाचं नाव येतं. लिंक तुटली तर कुणाला फोन करायचा तो नंबर कागदावर. आणि खोलीत आईवडील नकोत. कोपऱ्यातून हळूच सांगितलेला शब्द माइकवर स्पष्ट ऐकू येतो.

मुलाखतीत तिला सुरुवातीला हिशेबाच्या वहीबद्दल विचारलं, मग हरण्यावर आले. चारही ‘का’ पार पडले. मग एकाने विचारलं, “शेजाऱ्याने त्याची रोगट झाडं उपटलीच नाहीत तर?” हे सरावात नव्हतं. ती थोडा वेळ थांबली आणि म्हणाली, उपटायचा खर्च आणि गेलेल्या झाडाचं नुकसान त्याचं एकट्याचं, फायदा मात्र आजूबाजूच्या सगळ्यांचा, म्हणून तो टाळतो. सगळ्यांनी मिळून त्याला थोडी भरपाई दिली तर कदाचित ऐकेल. उत्तर बरोबर की चूक, हा तिथे प्रश्नच नव्हता. ती त्यांच्यासमोर विचार करत होती, आणि पॅनेल तेच पाहायला बसलेलं असतं. तिचं नाव आधी प्रतीक्षा यादीत लागलं, पुढच्या फेरीत प्रवेश मिळाला.

आईवडिलांसाठी दोन गोष्टी. मुलाखत असलेल्या ठिकाणी अर्ज केला म्हणून जवळच्या कॉलेजचा फॉर्म आणि सीईटी सोडू नका, दोन्ही वाटा शेवटपर्यंत चालू ठेवा. उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा आणि नॉन-क्रिमीलेअरचा दाखला आधीच काढा, आणि आधार व मार्कशीटवरचं नाव अक्षरशः जुळतंय ना ते तपासा. फी-सवलतीच्या फॉर्ममध्ये शेतीचं उत्पन्न दाखल्यावर आहे तेच लिहा, मुलाखतीत मुलीनेही तोच आकडा सांगितला पाहिजे. निवड झाल्यावर पहिला हप्ता भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: सवलत किती टक्के आणि किती वर्षं, त्यात वसतिगृह आणि मेस धरली आहे का, आणि प्रवेश सोडायचा झाला तर कोणत्या तारखेपर्यंत किती पैसे परत मिळतात.