न्यूअर्कहून अँकरेजला सॅमन गरवायला चाललो आहे. रॉड, रीळ, गळ विमानात हँडबॅगेत नेता येतील का?

रॉड आणि रीळ खुशाल न्या. मोठे गळ आणि चाकू मात्र चेक-इन बॅगेतच टाका. अमेरिकेतल्या विमानतळांवर तपासणी करणाऱ्या टीएसएचा नियम असा आहे की रॉडला केबिनमध्ये मनाई नाही, पण धोकादायक वाटतील असे अणकुचीदार गळ टोकं झाकून, नीट गुंडाळून चेक-इनमध्येच द्यावेत. फ्लाय फिशिंगची बारीक, पिसांची आमिषं जवळ ठेवता येतात. महागडं रीळ तर जवळच ठेवा, बॅग हरवली तर निदान ते तरी वाचेल. पकड ७ इंचांपर्यंत चालते. मासा साफ करायची सुरी पातं कितीही लहान असलं तरी केबिनमध्ये नाही.

खरी अडचण लांबीची असते, आणि ती टीएसए नव्हे, एअरलाइन ठरवते. बऱ्याच अमेरिकन कंपन्यांची केबिन बॅगेची मर्यादा २२ × १४ × ९ इंच आहे. ९ फुटी रॉड चार तुकड्यांचा घेतलात तरी एकेक तुकडा साधारण २७ इंच भरतो, म्हणजे हे तुकडे ठेवायची नळी बॅगेत मावणार नाही. काही कंपन्या ती केबिन बॅगेच्या जागी चालवून घेतात. तिकीट काढतानाच विचारा.

एवढं करूनही शेवटचा शब्द तपासणीला उभ्या असलेल्या अधिकाऱ्याचा. आणि हे फक्त अमेरिकेपुरतं. याच सामानासह भारतात आलात तर इथले नियम वेगळे.