पोषण प्रश्नोत्तरे : तक्ते घरी ठेवा, शेगडी घेऊन जा

प्रश्न : मी ऐरोलीला राहते, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या एनएसएसतर्फे (राष्ट्रीय सेवा योजना) आम्ही दिघ्यातल्या एका वस्तीत समतोल आहारावर कार्यक्रम घेतला. तक्ते लावले, प्रथिनं-जीवनसत्त्वं समजावली. बाया माना डोलवत होत्या. बाहेर आलो तर पोरांच्या हातात वेफर्स-कुरकुऱ्यांच्या पाच रुपयांच्या पुड्या! पुढच्या वेळी काय करावं?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : आधी ते तक्ते घरी ठेवा. तक्त्यात सफरचंद आणि दुधाचा ग्लास असतो, आणि समोरची बाई मनात पैसे मोजत असते. अंगणवाड्यांची मुख्यसेविका म्हणून नोकरी करताना अशा माना मी पुष्कळ पाहिल्या. पाहुण्यांचा मान राखायला डोलतात त्या.

सुरुवात रेशनपासून करा. रेशनच्या ‘प्राधान्य’ यादीतल्या कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही फुकट. म्हणजे भात-चपातीची थोडीफार सोय आहे. खोट आहे ती डाळीची, पालेभाजीची, अंड्याची. तेवढंच बोला.

पुड्यांचा हिशेब बायांनाच मांडू दे. दोन पोरं, रोज दहा-दहा रुपये, महिन्याचे ६००. त्यात किलोभर मूग, किलोभर शेंगदाणे आणि दोघांना आठवड्यातून दोनदा अंडं बसतं. पण ‘पोरांना काय हे खायला घालता’ असा सूर लागला की संपलं. ती पहाटे पाणी भरून सेक्टरमधल्या चार घरची धुणीभांडी करायला पळते. पोरगं मागे लागू नये म्हणून सुटे पैसे हातावर ठेवते. तिला पुडीइतकंच पटकन देता येईल असं काही हवं : शेंगदाणे-गूळ, फुटाणे, रात्री फडक्यात बांधून मोड आणलेले मूग.

मग शेगडी मांडा आणि रांधा. मुळा घेतला की भाजीवाला पाला पिरगळून टाकतो. त्याला ‘राहू दे’ म्हणायचं. पाला बारीक चिरून लसूण-मिरचीच्या फोडणीत परतायचा, वर बेसन पेरून झाकण ठेवायचं, वाफ आली की उतरवून लिंबू पिळायचं. आंबटामुळे पाल्यातलं लोह अंगी लागतं. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जातं, म्हणून तासभर थांबायचं. हे कोणी ऐकत नाही, तरी सांगा. मासे चालत असतील तिथे जवळा करा. सालासकट खाल्ला जातो, त्यामुळे कॅल्शियम मिळतं. मात्र वस्तीत सगळीकडची माणसं असतात, म्हणून आधी अंगणवाडी सेविकेला विचारा. कोणाच्या घरी काय चालतं, हे तिला पाठ असतं.

वेळ दुपारी तीननंतरची धरा आणि वयात आलेल्या मुलींना बसवाच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या शंभरातल्या ५९ मुलींना रक्तक्षय आढळला. शाळेतून आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती कित्येकींच्या दप्तरातच राहते. उपाशीपोटी घेतली की मळमळतं, शौचाला काळं होतं, मुली घाबरतात. जेवून घ्या, काळं होणारच, त्यात काही वाईट नाही, हे कोणीतरी तोंडाने सांगायला हवं.

प्रश्न : मी वागळे इस्टेटला राहतो, वय १७. व्यायामशाळेतले म्हणतात प्रोटीन पावडर घे. डबा दोन-तीन हजारांचा. वडील रिक्षा चालवतात.

उत्तर : वडिलांकडे मागू नकोस. तुझ्या वयाच्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं लागतात. दोन अंड्यांत बारा, ५० ग्रॅम सुक्या सोयाबीन वड्यांत पंचवीसच्या आसपास, दोन मुठी फुटाण्यांत दहा-बारा. उरलेली डाळ-चपातीतून येतात. व्यायाम जोरात असेल तर थोडी जास्त, तीही याच जिनसांतून. वड्या गरम पाण्यात भिजवून घट्ट पिळून घे, नाहीतर वास येतो आणि तू पुन्हा डब्याकडे वळशील.